सायलेन्सरच्या पाईपचा टाका आतून बघायचा

जळगाव एमआयडीसीत किंवा धुळ्याच्या हायवेवरच्या गॅरेजांत काम शिकायला येणारी पोरं आर्गन वेल्डिंग (आर्गन वायूने हवा दूर ठेवून केलेलं टिग वेल्डिंग) म्हटलं की आधी हाताचं विचारतात. वेल्डिंगची टॉर्च कशी धरायची, वायर कशी सोडायची, मोबाईलवर दिसतो तसा सोनेरी-निळा टाका, म्हणजे वेल्डचा जोड, कसा पडतो. हात बसायला वेळ लागतो, पण बसतो. रंग मात्र गॅसवर आणि उष्णतेवर ठरतो, आणि काम पास की नापास हे मी पाईपमध्ये बॅटरी मारून ठरवतो.

स्टेनलेस स्टीलच्या पाईपमध्ये उष्णता लवकर पसरत नाही. साध्या लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वेगाने ती पुढे सरकते, आणि तापल्यावर धातू फुगतो मात्र दीडपट. सायलेन्सरच्या पाईपची जाडी जेमतेम दीड मिलिमीटर. म्हणजे टाक्याशेजारची जागा बराच वेळ लाल राहते आणि तेवढा वेळ हवेतला ऑक्सिजन तिथलं गंज रोखणारं क्रोमियम खात असतो. फिका सोनेरी रंग आला तर उत्तम, निळा-जांभळा चालतो. राखाडी आला तर तिथला गंज रोखण्याचा गुण गेला, वरून कितीही पॉलिश मारा.

हे झालं बाहेरचं. बाहेर टॉर्चचा आर्गन असतो, आत कोण असतं? आत नुसती हवा. पाईप आरपार वितळला की आतल्या बाजूला काळा, दाणेदार, जळालेल्या गुळासारखा थर उठतो. धूर त्यावर अडतो, गाडीच्या थरथरीने तिथूनच चीर सुरू होते आणि बाहेरून देखणा दिसणारा टाका काही महिन्यांत उकलतो. म्हणून आतूनही आर्गन भरायचाच. याला बॅक पर्ज म्हणतात, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त टाळाटाळ इथेच होते, कारण गॅसचे पैसे दिसतात.

हिशेब करून बघा. सात घनमीटरचं सिलिंडर म्हणजे सात हजार लिटर. टॉर्चला मिनिटाला आठ लिटर सोडलं तर चौदा तासांहून जास्त चालतं. आतून आणखी पाच लिटर सोडलं तर नऊ तास. परत आलेला एक सायलेन्सर उघडून पुन्हा बसवण्यात जो दिवस जातो, त्यापुढे हा खर्च काहीच नाही.

पर्जला महागडं सामान लागत नाही. सिलिंडरवर दोन फाट्यांचा जोड आणि प्रत्येक फाट्याला वेगळा फ्लोमीटर (गॅसचा प्रवाह मोजणारा) लावा. पाईपची दोन्ही तोंडं ॲल्युमिनियम फॉइल आणि उष्णता सोसणाऱ्या टेपने बंद करा. आर्गन हवेपेक्षा जड असतो, म्हणून नळी खालच्या तोंडाला आणि हवा निघायला बारीक भोक वरच्या तोंडाला. आधी पाईप भरू द्या, मग प्रवाह कमी करा. टॅक, म्हणजे पाईप जागेवर धरणारे छोटे टाके, मारतानाही पर्ज चालूच ठेवा. टॅकखाली काळं झालं तर ते पुढच्या टाक्यात शिरतं.

शेवटचा एक सेंटीमीटर सगळ्यांत अवघड. तोवर टाका न पडलेल्या सांध्यातून थोडा गॅस निसटत असतो. तो सांधा बंद होत आला की आतला दाब वाढतो आणि वितळलेला थेंब फुगून तुमच्याच तोंडावर उडतो. तिथे पोहोचायच्या आधी पर्ज आणखी कमी करा, वरचं भोक मोकळं आहे ना ते बघा. टाका संपवताना करंट एकदम तोडू नका. मशीनच्या डाऊन स्लोप सेटिंगने तो हळूहळू उतरवा आणि आर्क विझल्यावरही टॉर्च आठ-दहा सेकंद तिथेच धरून ठेवा. करंट एकदम तोडला की तिथे खड्डा पडतो आणि त्यात बारीक चीर जाते; टॉर्च लगेच उचलली की तापलेला टाका हवेत उघडा पडतो आणि टंगस्टनही (टॉर्चमधली आर्क काढणारी सळई) निळं-काळं होतं.

फिटिंगमध्ये फट नकोच. उजेडासमोर धरून बघा. प्रकाश दिसला तर पुन्हा कानस मारा. आतली-बाहेरची धार काढा, ॲसिटोनने पुसा, ब्रश स्टेनलेसचाच आणि फक्त स्टेनलेससाठी ठेवलेला हवा. लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती इथे लावली तर लोखंडाचे कण रुततात आणि पावसाळ्यात पाईपवर तांबडे ठिपके उठतात.

सेटिंग थोडक्यात: डीसी, टॉर्च निगेटिव्हला, १.६ मिमी टंगस्टन लांबीच्या दिशेने घासलेलं, टॉर्चला गॅस लेन्स (गॅस सरळ, शांत सोडणारी जाळी) आणि मोठा कप (गॅसचं तोंड). ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस पाईपला ३०८एल वायर, आणि लोखंडी फ्लँजला जोडायचं तर ३०९एल. दीड मिलिमीटरला चाळीस ते साठ अँपिअर पुरतात. वायरचं टोक गॅसच्या छत्रीबाहेर काढू नका.

आता खानदेशातली खास अडचण. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, शेडमध्ये कूलर आणि पंखे चालू असतात, आणि त्यांचा वारा टॉर्चचा गॅस उडवून नेतो. टाक्यात बारीक भोकं पडायला लागली की पोरं मशीनवर शंका घेतात. आधी कूलरची दिशा बदला. पण शेड बंद करून बसू नका; आर्गन खाली साचतो आणि श्वासाला हवा उरत नाही, शिवाय स्टेनलेसच्या धुरातलं क्रोमियम फुप्फुसाला घातक. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरने पाईप पुसून तर कधीच वेल्डिंग करू नका, आर्कमुळे त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो.

माल घेताना रेलिंगचा पाईप स्वस्तात मिळतो म्हणून उचलू नका. तो बहुतेक २०२ ग्रेडचा असतो, आणि तो आणि ३०४ चुंबकाने वेगळे ओळखू येत नाहीत. ग्रेड लिहिलेलं बिल मागा.

सरावाला उरलेले तुकडे जोडा आणि प्रत्येक तुकडा लांबीत उभा चिरून आतून बघा. आयटीआयचा वेल्डर ट्रेड एक वर्षाचा आहे, तिथे पाया मिळतो. पर्जचा हात मात्र वर्कशॉपमध्येच बसतो. डेअरीच्या पाईपलाईनलाही हेच काम लागतं. कामाच्या ट्रायलला जाताना असे चिरलेले दोन-तीन तुकडे सोबत न्या आणि आतली बाजू वर करून टेबलावर ठेवा.