फ्रँकफर्टला बेस उघडताय? विमानं नका मोजू, उड्डाणं मोजा

फ्रँकफर्टला नवीन आलं की आमच्या ग्रुपमध्ये दोन गोष्टी मिळतात, आनमेल्डुंगचा (म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीचा) सल्ला आणि स्वतःची एअरलाइन चालवायच्या गेमचं व्यसन. पहिलं सगळेच सांगतात म्हणून मी दुसऱ्याबद्दल लिहितो.

अकाउंट वगैरे काढाल तुम्ही. घोळ होतो तो बेसमध्ये, म्हणजे एअरपोर्टवरच्या आपल्या एअरलाइनच्या तळात. आपली मंडळी पहिल्याच दिवशी सगळ्यात मोठा बेस घेतात, का तर मुंबईला जंबो सोडून घरी स्क्रीनशॉट पाठवायचाय! मीही तेच केलं. विमानं तीन आणि बेस तीसचा, म्हणजे स्टाफ, गेट, हँगर सगळ्याचा खर्च तीस विमानांचा चालू आणि हँगरमध्ये एकच सेकंडहँड विमान उभं. चौथ्या महिन्यात दिवाळं. बेस लहान करायला गेलो तर भरलेला एक पैसा परत नाही. खरं घरही असंच घेतलं होतं मी, बायको-पोरं वर्षानं येणार आणि मी एकटा तीन खोल्यांचं भाडं भरतोय, त्यात इथे भाड्याच्या घरात बरेचदा किचनच नसतं, जमिनीवर इंडक्शन ठेवून पोहे केलेत.

तर हिशोब असा करा. फ्रँकफर्टला रात्री ११ ते पहाटे ५ शेड्यूल्ड उड्डाणं बंद, म्हणजे हातात १८ तास. एटीआरचा (छोटं पंख्याचं विमान) तासाभराचा रूट आणि अर्धा तास टर्नअराउंड, म्हणजे उतरून पुन्हा निघेपर्यंतचा वेळ, धरला तर दिवसाला १२ उड्डाणं, त्यातली ६ तुमच्या बेसवरून. तीन एटीआर म्हणजे १८ उड्डाणं. तेच मुंबईचं मोठं विमान जाताना साधारण आठ तास, येताना त्याहून जास्त, वर तिकडचा थांबा, त्यामुळे दिवसाला जेमतेम एकच उड्डाण. विमानं तीनच, पण एका बेसला १८ वेळा बॅगा चढवायच्यात, दुसऱ्याला ३ वेळा. चेक-इन आणि ग्राउंड स्टाफ यावरून ठरवा. गेट मात्र सकाळच्या गर्दीवर, सगळी सहाला सोडलीत तर तितकी गेटं लागतील, वीस-वीस मिनिटांनी सोडलीत तर कमीत भागतं. पार्किंग रात्री किती विमानं घरी येतात त्यावर.

हँगर सगळ्यात शेवटी वाढवा. पुन्हा सांगतो, शेवटी.

जर्मन प्लेअर कंटाळवाणे खेळतात, वर्षभर तेच सहा एटीआर, एकच टाइप, पण बुडालेला मी अजून पाहिला नाही. आपल्याकडे तीन विमानांत तीन टाइप, मग पायलट वेगळे, पार्ट वेगळे.

एअरलाइनच्या नावाचं तुमचं तुम्ही बघा, फक्त 'सह्याद्री' घेऊ नका, ग्रुपमध्ये चार आहेत आणि त्यातली दोन बुडालीत.