परभणीची गाडी, पुण्याचं चलन

पोरांनो, गावाकडची एमएच-22, म्हणजे परभणी पासिंगची गाडी घेऊन पुण्यात आलात की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत एक फोन ठरलेला. तो पोलिसांचा नसतो, वडिलांचा असतो. गाडी त्यांच्या नावावर, नोंदवलेला मोबाइल नंबरही त्यांचाच. तुम्ही फर्ग्युसन रस्त्यावर उलट्या दिशेने घुसलात की त्याची खबर, म्हणजे दंडाच्या चलनाचा मेसेज, आधी परभणीकडे जिंतूरला पोचते. मग वडील, म्हणजे अण्णा, विचारणार, "कोर्टात जावं लागतंय का रे?"

नाही लागत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 200 नुसार किरकोळ गुन्ह्यांत सरकारने ठरवलेलं तडजोड शुल्क भरलं की विषय तिथेच संपतो. वकील नको, तारीख नको. हेल्मेट नसलं तर 500 रुपये (मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवं, हे आपल्याकडे कुणी सांगत नाही), सिग्नल तोडला, नो पार्किंगमध्ये लावली, तर तशीच रक्कम. सिग्नल किंवा पार्किंगची तीच चूक पुन्हा केली की 1,500. दारू पिऊन चालवलीत तर मात्र तडजोड नाही, थेट कोर्ट. पहिल्या वेळीच 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि सुट्टीत आलेल्या धाकट्या भावाच्या हातात चावी देऊ नका. चालवणारा अल्पवयीन निघाला तर ज्याच्या नावावर गाडी तो अडकतो, म्हणजे पुन्हा अण्णाच.

चौकात अडवलं तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, "साहेब" म्हणा. कागद डिजिलॉकर या सरकारी अॅपमध्ये असले तरी चालतात. मोबाइलच्या गॅलरीतला आरसीचा (गाडीच्या नोंदणीपत्राचा) फोटो चालत नाही. "अमुक माझे मामा आहेत" हे पुण्यात बोलायचं नाही, इथे प्रत्येकाला एक मामा असतोच. आणि पावतीशिवाय पैसे द्यायचे नाहीत. हातात दोनशे टेकवून सुटलो असं वाटतं खरं, पण हवालदाराने मशीनवर फोटो आधीच काढलेला असेल तर चलन उभंच राहतं. दोनशे गेले आणि पाचशेही गेले.

पार्किंगचं एक खास पुणेरी प्रकरण आहे. पेठांत आणि डेक्कनकडे पी-1, पी-2 अशा पाट्या दिसतील. सम तारखेला रस्त्याची एक बाजू, विषम तारखेला दुसरी. रात्री लावलेली गाडी सकाळी तारीख बदलल्यावर चुकीच्या बाजूला ठरते, आणि उचलून नेली तर दंडावर टोइंगचा खर्च वेगळा. नव्या माणसाचे निम्मे पैसे इथेच जातात असं माझं मत आहे.

अण्णांच्या फोनची वाट न बघता महिन्यातून एकदा वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक साइटवर स्वतः बघा. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे आकडे टाकले की थकलेली सगळी चलनं फोटोसकट दिसतात. फोटो नीट मोठा करून पाहा. गाडी दुसऱ्याचीच असेल, नंबरातला 3 चा 8 वाचला गेला असेल, तर भरू नका. तिथेच तक्रार टाका आणि त्या दिवशी गाडी कुठे होती याचा पुरावा जोडा. एकदा भरलंत की गुन्हा कबूल केल्यासारखंच.

थकबाकी साचली असेल तर लोकअदालत आहे. ती शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात भरते, पण तिला कोर्टकचेरी समजू नका. कोर्ट फी लागत नाही, आपसांत मिटवायचं असतं, रकमेत बऱ्याचदा सूटही मिळते. फक्त तिथला निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. म्हणून चूक तुमची नसेलच तर आधी तक्रार करा, लोकअदालतीत नेऊ नका. सूट मिळेल म्हणून मुद्दाम चलनं साठवणारे महाभागही आहेत. मला तो हिशेब पटत नाही, कारण दुसऱ्या चुकीचा दर चढा लागतो.

व्हॉट्सअॅपवर "आरटीओ चलन" नावाची एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप बसवणारी) आली तर ती उघडायची नाही. ती बँक खातं रिकामं करायला पाठवलेली असते. अण्णांनाही आजच फोन करून हे सांगा, त्यांच्याच नंबरावर ती येण्याची शक्यता जास्त.

जुनी गाडी इथे विकत घेणार असाल तर टोकन देण्याआधी तिच्या नंबरावरची चलनं बघा आणि मालकाकडून भरून घ्या. नंतर नाव बदलायला गेलात की ती तुमच्या गळ्यात पडतात, आणि तोवर मालकाचा फोन लागत नसतो.