सेकंड हँड एक्झॉस्ट घेताना या चुका टाळा

मॉडेलचं नाव आणि वर्ष जुळलं की पैसे देऊन मोकळं व्हायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एकाच नावाची गाडी पेट्रोलमध्येही येते आणि डिझेलमध्येही, हॅचबॅकही असते आणि सेडानही. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर खाली मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि मागे ती दोन्ही चाकांना वाटणारा डिफरन्शियल, म्हणजे पाइपची वळणंच निराळी. उत्सर्जनाचं मानक बदललं की कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आणि ऑक्सिजन सेन्सरची जागाही बदलू शकते. म्हणून चॅसिस नंबरवरून मूळ पार्ट नंबर काढा आणि सायलेन्सरवर ठोकलेल्या नंबरशी ताडून बघा. तो गंजाखाली गेला असेल तर तारेच्या ब्रशने घासा. तरीही वाचता येत नसेल तर मापं घेतल्याशिवाय व्यवहार करू नका.

हॅचबॅकचा मागचा सायलेन्सर सेडानला लावायचा प्रकार वरचेवर दिसतो. फ्लेंज (पाइपच्या टोकाची बोल्टची चकती) जुळतो, बोल्ट बसतात, सगळे खूश. लांबी मात्र दोन-तीन सेंटिमीटर कमी पडते, मग रबरं ताणून हँगरवर, म्हणजे पाइप टांगायच्या हुकांवर, चढवली जातात. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. पण ती ओढ पाइपातून पुढे जाऊन फ्लेक्सीवर, म्हणजे पाइपच्या लवचीक जाळीदार तुकड्यावर, येते. इंजिनाचं हलणं झेलण्यासाठीच फ्लेक्सी असतो. तो आधीच ताणलेला असला की त्याची जाळी उसवते. आवाज वाढतो, नवा फ्लेक्सी वेल्ड होतो, तोही फुटतो, आणि मागच्या रबरांकडे कुणी बघतच नाही. फ्लेक्सी सेन्सरच्या पुढे इंजिनाच्या बाजूला असेल तर चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर मिश्रण पातळ असल्याचं सांगतो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल सोडतो. मग इंजेक्टर आणि प्लग बदलण्यात पैसे जातात.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे जुना एक्झॉस्ट उतरवून, जो विकत घ्यायचा तो त्याच्या शेजारी ठेवणे. ते जमत नसेल तर फ्लेंजच्या तोंडापासून प्रत्येक हँगरपर्यंतचं अंतर आणि हँगरची दिशा लिहून न्या. फोटोवर विसंबू नका, फोटोत वळणाचा कोन कळत नाही. रबर हाताने, फारशी ओढाताण न करता चढलं पाहिजे.

दुसरी चूक व्यासाची. ‘दोन इंची आहे’ एवढ्यावर पाइप घेतले जातात. आतला व्यास की बाहेरचा? एकात एक सरकणाऱ्या जोडात एकाचा आतला व्यास दुसऱ्याच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचितच मोठा हवा. टेपने हे कळत नाही, व्हर्नियर कॅलिपरच लागतो, आणि गोलाई बिघडलेली असते म्हणून दोन दिशांनी मोजावं. मोठी फट क्लॅम्प आवळून बंद होत नाही, पाइप चेपतो. वर पुट्टी थापणं हा उपाय नाही. कंपनाने ती तडकते आणि गळून पडते.

फ्लेंजची भोकं एकाच मापाची असतील तर एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, तेच केंद्रांमधलं अंतर. गॅस्केट (जोडातून गळती रोखणारं सील) सपाट आहे की गोल रिंगचं, तेही बघा. रिंगच्या जोडाला स्प्रिंगचे बोल्ट लागतात. तिथे सपाट गॅस्केट कोंबणाऱ्यांचा जोड टिकत नाही.

चुंबक चिकटला म्हणून स्टेनलेस नाही, असं ठरवू नका. स्टेनलेसच्या ४०९ ग्रेडला चुंबक चिकटतो आणि एक्झॉस्टमध्ये हाच ग्रेड सर्रास असतो.

कॅट हलवून बघा, खडखडला तर आतली जाळी फुटली आहे. टॉर्च मारा, बरेच कॅट आतून रिकामे केलेले असतात.

ग्राइंडरने कापून काढलेला पाइप घेऊ नका. नेमकी जोडाची लांबी तिथेच गेलेली असते.

गॅस्केट, नट आणि रबरं नवीच घ्या, त्यात काटकसर नको. बसवताना सगळे जोड आधी सैल ठेवा, ब्रेक आणि इंधनाच्या नळ्यांपासून पाइप दूर असल्याची खात्री करा आणि मगच पुढून मागे आवळत जा. घाईचे लोक पहिलाच जोड घट्ट करतात आणि मग मागचं टोक बंपरला घासतं. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. शेवटी उघड्यावर, थंड इंजिन सुरू करून शेपटाच्या नळीवर जाड फडकं क्षणभर दाबून धरायला दुसऱ्याला सांगा आणि प्रत्येक जोडापाशी फुसफुस ऐका.