लडाखला निघताय? मग या चुका टाळा

एप्रिल उजाडला की मला मेसेज यायला लागतात. "ताई, मे महिन्यात लडाख ठरलंय, प्लॅनवर एकदा नजर टाक ना." पाठवणारे कधी घरातली भाचेमंडळी असतात, कधी ऑफिसातले, कधी त्यांच्या ओळखीचे. प्लॅन उघडला की तेच. पहिला दिवस: सकाळी लेह विमानतळ, हॉटेलवर बॅगा टाकून सिंधू-झांस्कर संगम, येताना शांतिस्तूप. दुसरा दिवस: खारदुंगला ही खिंड ओलांडून नुब्राचं खोरं. तिसरा: पँगाँग सरोवर. चौथा: परत. म्हणजे शनिवारी निघून बुधवारी ऑफिसात हजर.

माझं उत्तरही ठरलेलं आहे. दिवस वाढवा, नाहीतर ठिकाणं कमी करा. बरेच जण यावर नाराज होतात, काही जण पुन्हा विचारतच नाहीत. तरी मी सांगत राहते. लडाखवर माझा जीव आहे आणि तिथून कोणी आजारी होऊन, "पुन्हा नाव काढणार नाही" म्हणत परत आलं की मला खरंच वाईट वाटतं. बहुतेक वेळा दोष त्या जागेचा नसतो, घाईचा असतो.

विश्रांतीचा दिवस कापणं

लेह साधारण 3,500 मीटरवर आहे, म्हणजे साडेअकरा हजार फूट. हवेतल्या ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही 21 टक्केच असतं, पण हवेचा दाबच समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांश होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा ऑक्सिजन कमी. शरीर याची सवय करून घेतं, श्वास वाढवतं, रक्तात बदल करतं. पण त्याला वेळ लागतो आणि तो वेळ आपल्या रजेच्या अर्जावर ठरत नाही. तुम्ही रोज दहा किलोमीटर पळता, जिमला जाता, याचाही इथे उपयोग नाही. उलट तंदुरुस्त तरुण मुलंच जास्त आडवी झालेली मी पाहिली आहेत, कारण पहिल्या दिवशी त्यांना "काहीच होत नाहीये" असं वाटतं आणि ती धावपळ करतात. त्रास बहुधा सहा-बारा तासांनी, रात्री सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही पँगाँगला स्पांगमिकमध्ये होतो. शेजारच्या तंबूत ठाण्याचं एक कुटुंब उतरलं. आईवडील, मुलगा आणि सून. आदल्या दिवशी सकाळी लेहला विमानाने आले, दुपारभर फिरले आणि दुसऱ्या दिवशी थेट पँगाँग, म्हणजे साधारण 4,250 मीटर. संध्याकाळी काकांचं डोकं दुखत होतं. मुलाने डोकेदुखीची गोळी दिली. जेवण नको म्हणाले. प्रवासाचा शीण असेल असं सगळ्यांना वाटलं. दहा वाजता उलट्या सुरू झाल्या. मध्यरात्री ते बाहेर जायला उठले आणि चालताना झोकांड्या जायला लागल्या, विचारलं त्याचं उत्तर धड देईनात. तोल जाणं आणि बोलण्यात गोंधळ ही मेंदूला सूज येत असल्याची लक्षणं असू शकतात, तिथे सकाळची वाट बघायची नसते. हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या लडाखी ड्रायव्हरला मात्र माहीत होतं. त्याने गाडी सुरू करूनच त्यांना हाक मारली.

आता यातली खरी मेख अशी. उंचीच्या त्रासावरचा पहिला उपाय म्हणजे खाली उतरणं. पण पँगाँगहून लेहला "खाली" यायचं तर आधी चांग-ला ही खिंड ओलांडावी लागते आणि ती साडेसतरा हजार फुटांच्याही वर आहे. म्हणजे आजारी माणसाला घेऊन आणखी हजारभर मीटर वर चढायचं, तेही रात्री. त्या ड्रायव्हरने तसं केलं नाही. खिंडीच्या अलीकडे, सरोवरापेक्षा खालच्या उंचीवर असलेल्या तांगत्से गावातल्या सरकारी आरोग्य केंद्रात त्याने काकांना नेलं. तिथे ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिलं आणि सकाळी सिलिंडरसकट लेहच्या रुग्णालयात पाठवलं. काका वाचले. पुढचे दिवस सगळ्यांनी रुग्णालयात काढले. त्या प्लॅनमध्ये विश्रांतीचा एक दिवस होता. एक जास्तीचं ठिकाण बसवण्यासाठी तो काढला होता, असं सुनेने मला नंतर सांगितलं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे आणि मी तो कोणासाठीही बदलत नाही. विमानाने गेलात तर लेहमध्ये दोन दिवस. पहिला दिवस अक्षरशः पडून राहायचं. झोपा, पाणी प्या, गरम सूप घ्या, हॉटेलच्या अंगणात बसा. शांतिस्तूपाच्या पायऱ्या दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत विसरा. मग नुब्रा. तिथली डिस्किट-हुंडर ही गावं दहा हजार फुटांच्या आसपास, लेहपेक्षा खाली आहेत, त्यामुळे रात्रीची झोप चांगली लागते. वाटेतला खारदुंगला फक्त ओलांडायचा असतो; पंधरा-वीस मिनिटं थांबा, फोटो काढा, निघा. (तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं 18,380 फूट लिहिलेलं होतं. प्रत्यक्षात खिंड 5,359 मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या थोडी वर. तेवढीही पुरेशी आहे.) पँगाँग त्यानंतर, श्योक नदीच्या रस्त्याने. सगळ्यात उंच मुक्काम सगळ्यात शेवटी. दिवसा किती उंच गेलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात याला महत्त्व आहे. 3,000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला 500 मीटरहून जास्त वाढवू नये, असा साधारण नियम डॉक्टर सांगतात.

रस्त्याने जाणार असाल तर श्रीनगरकडून जा. श्रीनगर 1,600 मीटरच्या आसपास, कारगिल 2,700 च्या आसपास, मग लेह; शरीर पायरी-पायरीने चढतं. मनालीकडचा रस्ता देखणा आहे, पण पहिलीच रात्र सरचूला, म्हणजे जवळजवळ 4,300 मीटरवर काढायचे प्लॅन बघून मला आजही धक्का बसतो. तो रस्ता घ्यायचाच तर आधी केलाँग किंवा जिस्पाला मुक्काम करा. आणि मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तो रस्ता उघडलाय का हे बघितल्याशिवाय मनालीची तिकिटं काढू नयेत.

कापूर, डबे आणि गोळ्या यांच्यावर भिस्त

कापराची पुरचुंडी गळ्यात बांधून येणारे आपल्याकडचे ग्रुप मी दर वर्षी बघते. वासाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटत असेल, पण कापूर रक्तातला ऑक्सिजन वाढवत नाही. पुरचुंडी बांधायला माझी हरकत नाही. पुरचुंडी आहे म्हणून विश्रांती टाळायला आहे.

ऑक्सिजनचे छोटे डबेही तसेच. त्यातला ऑक्सिजन काही मिनिटं पुरतो. शिवाय तो दाबाखालचा वायू असल्याने विमानात नेता येत नाही. विमानतळावर काढून ठेवतात आणि पैसे वाया जातात. हवाच असेल तर लेहच्या बाजारात मिळतो. चारचाकी ठरवताना गाडीत मोठा सिलिंडर आहे का, एवढं मात्र नक्की विचारा.

अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी, म्हणजे आपण डायमॉक्स म्हणतो ती, खरोखर उपयोगी आहे. पण ती शेजाऱ्याने सांगितली म्हणून घ्यायची नाही. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल, किडनीचा त्रास असेल तर धोका असतो, म्हणून आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. साधारणपणे ती चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात. लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. हे माहीत नसलं की माणसं घाबरून गोळी बंद करतात.

रात्रभर जागून लेहला उतरणं

लेहची विमानं बहुतेक सकाळची, कारण दुपारनंतर वारा वाढतो. मग मुंबई-पुण्याहून रात्रीचं विमान, दिल्लीत मध्यरात्री उतरायचं, खुर्चीत अवघडून बसायचं आणि पहाटेचं लेहचं विमान पकडायचं. हॉटेलचे पैसे वाचतात, पण पहिल्या दिवशीचं शरीर उपाशी, जागरणाने थकलेलं आणि त्यात विरळ हवा. मी आदल्या दुपारीच दिल्ली गाठते आणि विमानतळाजवळ झोपते. तुम्ही नाही तसं केलंत, तरी दोन्ही विमानं एकाच टर्मिनलवरून आहेत का ते तपासा. दिल्लीचं टर्मिनल 1 हे टर्मिनल 3 पासून काही किलोमीटर लांब आहे.

सगळं एकाच मोठ्या बॅगेत कोंबणं

हा माझा दुसरा रागाचा विषय. घरातल्या चौघांची मिळून एक अवाढव्य चाकाची बॅग, आणि तिच्यातच थर्मल, औषधं, चार्जर, सगळं. आमच्याबरोबर आलेल्या एका मैत्रिणीची बॅग दिल्लीतच राहिली आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आली. तिच्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्याच बॅगेत होत्या. प्रिस्क्रिप्शनही त्याच बॅगेत. गोळीचं नाव घरातल्या कोणाला आठवेना, तेव्हा पुण्यातल्या शेजाऱ्यांकडून कुलूप उघडवून जुन्या पाकिटाचा फोटो मागवला आणि मग लेहच्या बाजारात दुकानं पालथी घातली. त्या दिवशी विश्रांती कोणालाच मिळाली नाही.

माझ्या हातातल्या बॅगेत कायम असतं: रोजची औषधं सबंध सहलीपुरती, प्रिस्क्रिप्शनचा कागद, एक थर्मलचा जोड, कानटोपी, मोजे, एक पातळ जॅकेट, चष्म्याची दुसरी जोडी आणि पॉवरबँक. पॉवरबँक चेक-इन बॅगेत चालतच नाही, ती हातातच ठेवावी लागते. 100 वॉट-अवरपर्यंत अडचण येत नाही आणि नेहमीची 20,000 एमएएचची साधारण 74 वॉट-अवरची असते. हातातल्या बॅगेला बहुतेक कंपन्या 7 किलो देतात, त्यामुळे मी घरीच हुकाच्या काट्यावर वजन करते.

मोठी बॅग मऊ कापडाची घ्या. लेहमधून पुढे ती गाडीच्या टपावर दोरीने बांधली जाते आणि चाकांची कडक बॅग तिथे नीट बसत नाही. आत मी एक जाड प्लास्टिकची पिशवी घालते आणि सगळे कपडे तिच्यात भरते, नाहीतर नुब्राच्या रस्त्यावरची धूळ चेनमधून थेट कपड्यांत जाते. भरून झालं की ती बॅग घेऊन आमच्या इमारतीचा जिना चढते. दम लागला की बॅग उघडून कपडे काढायचे. दर वेळी निघतात.

कपड्यांची चूक म्हणजे एकच जाडजूड जॅकेट आणि आत सुती बनियन. जूनमध्ये लेहला दुपारी टी-शर्टवर घाम येतो आणि पँगाँगला रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. कांद्यासारखे पापुद्रे हवेत: आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर वारा अडवणारं जॅकेट. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि खिंडीतल्या वाऱ्यात तेच अंगावर गार पडतं. जीन्स एकदा भिजली की दोन दिवस वाळत नाही. सनस्क्रीन, ओठांना लावायचं मलम आणि गॉगल या गोष्टी नखरे म्हणून घरी ठेवू नका. कोरड्या हवेत ओठ फुटून रक्त येतं.

हवाबंद पाकिटातला चिवडा उंचावर फुग्यासारखा टम्म होतो, कधी फुटतोही. घरूनच झाकणाच्या डब्यात काढून न्या. शाम्पूची बाटलीही पिळून, हवा काढून बंद करा.

बाकी, थोडक्यात

पहिल्या दोन रात्री दारू आणि झोपेच्या गोळ्या नकोत. यावर चर्चाच नको.

नवे बूट घेतलेत तर निघण्याआधी पंधरा दिवस घालून फिरा.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. ग्रुपमध्ये किमान दोघांकडे पोस्टपेड असू द्या, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचं.

रोख रक्कम लेहमध्येच काढून ठेवा. पँगाँगला एटीएम शोधत बसू नका.

मनालीहून भाड्याची बाईक घेऊन नुब्रा-पँगाँग फिरता येईल असं समजू नका. बाहेरच्या भाड्याच्या गाड्या तिथे अडवतात. लेहमधूनच बाईक घ्या.

परतीच्या दिवशी लगेच पुढचं विमान

लेहहून सकाळी निघायचं, दुपारी दिल्लीहून पुणे, दुसऱ्या दिवशी ऑफिस किंवा मुलांची शाळा. लेहमधली विमानं हवामानामुळे रद्द होतात हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं, पण ते बर्फाचं कारण समजून उन्हाळ्यात निर्धास्त राहतात. जुलै 2024 मध्ये लेहला उष्णता इतकी वाढली की विमानं रद्द झाली. उंचावरची हवा आधीच विरळ, ती तापली की आणखी विरळ होते आणि विमानाला उड्डाणासाठी आधार कमी पडतो. मी परतीचा एक अख्खा दिवस मोकळा ठेवते आणि दिल्लीहून पुढचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढते. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर मिळत असतील तर तसं घ्या, म्हणजे पहिलं रद्द झालं की दुसऱ्याची सोय करणं कंपनीचं काम होतं. वेगवेगळी स्वस्त तिकिटं जोडली असतील तर दुसऱ्याचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.