घरातला कचरा आणि बागेतला पाला पालिकेच्या गाडीला देण्याआधी

कचरा संकलनाचे नियम प्रत्येक पालिकेत थोडे वेगळे असतात, पण त्यांमागचे कारण सगळीकडे सारखेच असते. ओल्या कचऱ्याचे खत किंवा बायोगॅस होतो, सुका कचरा पुनर्वापराला जातो आणि बागेतला काडीकचरा भरडून कुजवला जातो. हे तिन्ही एकत्र आले की कशाचाच उपयोग राहत नाही आणि सगळे कचराभूमीत जाते, जिथे दाबल्या गेलेल्या थरांत हवा न पोहोचल्यामुळे सडणाऱ्या पदार्थांतून मिथेन वायू निघतो.

म्हणून सर्वांत आधी आपल्या भागाचे वेळापत्रक मिळवावे. पाल्याची गाडी वेगळ्या दिवशी येते का, पाला कागदी पिशवीत भरायचा की उघड्या डब्यात, फांद्यांची लांबी आणि मोळीचे वजन किती चालते, एवढे चार प्रश्न विचारून उत्तरे लिहून ठेवावीत.

घरातला कचरा ज्या क्षणी निर्माण होतो त्याच क्षणी वेगळा करावा, कारण एकदा खरकटे लागलेला कागद पुन्हा सुका होत नाही. दूध-तेलाच्या पिशव्या विसळून वाळवाव्यात. फुटलेली काच आणि ब्लेड जाड कागदात गुंडाळून त्यावर ठळक अक्षरांत तसे लिहावे. आपली पिशवी कुणीतरी हाताने उचलणार आहे, याचा विसर पडू देऊ नये. वापरलेल्या सॅनिटरी पॅड आणि डायपरची पुडीही वेगळी बांधावी.

बॅटरीच्या बाबतीत मात्र जराही ढिलाई नको. मोबाइल, खेळणी, टॉर्च यांतील लिथियम बॅटरी गाडीच्या दाबयंत्रात चिरडली गेली, तर पेट घेते आणि आजूबाजूच्या कागद-प्लास्टिकमुळे आग झपाट्याने पसरते. बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती घातक कचऱ्याच्या केंद्रावरच द्यावी. पाऱ्याचे दिवे, रंग आणि कीटकनाशके यांनाही हाच नियम लागू होतो.

बागेतला कचरा देताना बहुतेक चुका दोनच होतात. एक म्हणजे पाला प्लास्टिकच्या पिशवीत भरणे, ज्यामुळे पिशवीचे तुकडे शेवटी खतात उरतात. आणि दुसरी, त्यात माती, दगड किंवा तार जाऊ देणे, ज्याने भरडयंत्राची पाती मोडतात. फांद्या ठरलेल्या लांबीच्या कापून सुतळीने बांधाव्यात. कापलेले ओले गवत बंद पिशवीत एक-दोन दिवसांत तापून कुजू लागते, शिवाय ते फार जड होते. माझ्या मते ते पातळ पसरून हिरवळीवरच राहू द्यावे, कारण त्यातला नत्र जमिनीला परत मिळतो. कोरडी पाने साठवून घरच्या खताच्या डब्यात वापरता येतात: एक भाग ओल्या कचऱ्यावर साधारण दोन ते तीन भाग पाने. रोगट झाडांची छाटणी मात्र त्यात घालू नये, कारण घरगुती डबा सहसा रोगजंतू मरण्याइतका, म्हणजे सुमारे 55 अंश सेल्सिअसपर्यंत, तापत नाही.

ढीग आदल्या संध्याकाळी किंवा पहाटे, गटाराच्या जाळीपासून दूर आणि पायवाट मोकळी ठेवून मांडावा. गाडीने तो उचलला नाही, तर पेटवून देऊ नये, कारण पाल्याच्या धुरातले सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड शेजाऱ्यांच्याच श्वासात जातात. तो आत आणावा, मिसळलेले काही असल्यास वेगळे काढावे आणि पुढच्या फेरीला पुन्हा बाहेर ठेवावा.