अंदमानात स्नॉर्केलिंग? नागपूरकरांनो, या चुका टाळा

अंदमानचं बुकिंग झालं की नागपुरात खरेदी सुरू होते ती टोपी-गॉगलपासून. स्नॉर्केलिंग म्हणजे मास्क लावून, तोंडात धरलेल्या नळीतून (स्नॉर्केलमधून) श्वास घेत पाण्यावर तरंगत खालचं जग पाहणं. त्यासाठी तोंडाने श्वास घ्यायची सवय मात्र कुणी करत नाही. मग हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या, एलिफंट बीचवर निम्मा वेळ खोकण्यातच जातो.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे तयारीविना थेट समुद्रात उतरणं. स्नॉर्केलच्या मास्कमध्ये नाक बंद असतं. नाकातून श्वास सोडला की काच धुरकट होते, मास्क उचलला जातो आणि पाणी आत येतं. जायच्या आधी आठवडाभर घराजवळच्या स्विमिंग टँकवर जा. छातीएवढ्या पाण्यात उभं राहून डोकं खाली घाला आणि तोंडानेच सावकाश श्वास घ्या. नळीत पाणी गेलं तर डोकं वर काढायची गरज नाही, थुंकताना मारतो तशी एक जोरदार फुंकर मारा. पुढचा श्वास अगदी हळू, थोडं पाणी उरलेलं असतं. घाबरून भराभर उथळ श्वास घेतले तर नळीतली वापरलेली हवाच परत आत येते आणि जीव आणखी घाबरतो. श्वास सोडायला जास्त वेळ घेतला की बरं वाटू लागतं.

मास्क गळतोय? बहुतेक जण पट्टा आवळतात, त्याने गळणं वाढतंच. आधी कडेखाली अडकलेले केस काढा. मास्क घेतानाच पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने हलका श्वास ओढून पाहा. चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीवाल्यांचा मास्क हमखास गळतो, नाकाखालची एक पट्टी भादरली तरी फरक पडतो. घरी ती कशी दिसेल हा वेगळा प्रश्न! काच धुरकट होत असेल तर आतून थुंकी चोळून पाण्यात खंगाळा. किळस वाटते, पण उपाय चालतो. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळेल का, हे बुकिंग करतानाच विचारा.

कासव दिसलं की त्याच्यामागे पोहत सुटणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ताडोबात पाणवठ्याजवळ जिप्सी बंद करून बसतो ना, तसंच इथेही. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं, त्याची वाट अडवू नका. एका जागी तरंगत राहिलात तर पोपटमासा प्रवाळ कुरतडतानाचा कटकट आवाजसुद्धा ऐकू येतो. ब्रेड टाकून मासे गोळा करू नका.

पाण्याखाली वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात. अंतराचा अंदाज चुकतो आणि पाय प्रवाळावर पडतो. प्रवाळ जिवंत प्राणी आहे, शिवाय अंगावर ओरखडे उठतात ते वेगळेच. उथळ जागी उभं राहू नका, आडवे तरंगा आणि फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) वर ठेवा. प्रवाळाचा मेलेला तुकडाही बॅगेत घालू नका, १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे.

गाइडला सगळं ठीक आहे सांगायला अंगठा दाखवू नका. पाण्यात त्याचा अर्थ ‘वर चला’. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ‘ठीक’.

‘आम्ही पंचेचाळीस डिग्रीतले, आम्हाला उन्हाचं काय!’ हा नागपुरी बाणा पाठीवर उमटतो. पाण्यात ऊन जाणवत नाही, म्हणून लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. आदल्या रात्री सावजी नको. बोट लागत असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून बोट सुटण्याआधी घ्या, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

स्नॉर्केलिंग शेवटच्या दिवशी ठेवू नका, समुद्र खवळला तर दुसरी संधी उरत नाही. सोबत स्कूबाही (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात बुडी) करणार असाल तर तो आधी उरका. स्कूबानंतर विमानात बसायला किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात. वरवर तरंगत केलेल्या स्नॉर्केलिंगला ही अट नाही.