कॉम्प्युटरची देखभाल बाहेर देताय? या चुका टाळा

महिन्याची २० तारीख, दुपारचे दोन वाजलेले. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याच्या मालकांचा फोन आला. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, आणि टॅलीचं मशीन सकाळपासून सुरूच होत नव्हतं. नेहमीचा इंजिनिअर लग्नासाठी गावी गेलेला, तिथे रेंज नाही. मी जाऊन पाहिलं तर हार्ड डिस्क गेली होती. बॅकअप रोज रात्री आपोआप होत होता, पण त्याच डिस्कच्या डी ड्राइव्हवर. दुसरी प्रत गूगल ड्राइव्हवर जात होती, पण ते खातं इंजिनिअरने स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं होतं.

तो मुलगा प्रामाणिक होता. दुसऱ्या दिवशी परतल्या परतल्या त्याने सगळा डेटा उतरवून दिला. रिटर्न एक दिवस उशिरा गेलं. ५० रुपये विलंब शुल्क आणि एका दिवसाचं व्याज, एवढ्यावर भागलं. पण त्या रात्री मालकांचा डोळ्याला डोळा लागला नाही. अकरा वर्षांचे हिशेब, कोणाकडून किती येणं आहे त्याची सगळी खाती, आणि त्यातलं काहीच त्यांच्या हातात नाही.

भोसरी, तळवडे, चाकण भागातल्या छोट्या कारखान्यांना आणि ऑफिसांना मी अठरा वर्षं हीच सेवा देतोय. म्हणजे बाहेरून येणारा असाच एक इंजिनिअर मीही. त्यामुळे ग्राहक कुठे चुकतात आणि आम्ही त्यांना कुठे चुकू देतो, हे दोन्ही मी जवळून पाहिलं आहे.

पाच ते तीस कॉम्प्युटर असतील तर देखभाल बाहेरच द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. पगारावर माणूस ठेवला तर महिन्यातले बरेच दिवस त्याला काम नसतं, आणि अडचणीच्या दिवशी त्याला सगळंच येत असेल असंही नाही. नेटवर्क, टॅलीचा सर्व्हर, ईमेल, कॅमेरे, प्रिंटर हे एकट्याचं काम नव्हे. ज्याला हे सगळं येतं तो बारा मशीनच्या ऑफिसात टिकत नाही, वर्षभरात हिंजवडीच्या आयटी कंपन्यांची वाट धरतो. चार-पाच जणांच्या टीमकडे काम दिलं तर एकाला नेटवर्क कळतं, दुसऱ्याला टॅली, आणि एक रजेवर गेला तर दुसरा येतो. शिवाय तुमच्याकडे आज आलेला बिघाड त्यांनी गेल्याच आठवड्यात दुसऱ्या कुठेतरी निस्तरलेला असतो. फक्त काम बाहेर देताना किल्ल्याही देऊन टाकायच्या नसतात. बहुतेक रडकथा तिथूनच सुरू होतात.

किल्ल्या कोणाच्या नावावर?

आजच एक कागद घ्या आणि लिहून काढा. वेबसाइटचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, कोणाच्या ईमेलवर नोंदलेलं आहे? ऑफिसच्या ईमेलचा अ‍ॅडमिन कोण? टॅलीच्या परवान्याशी जोडलेला ईमेल कोणाचा? राऊटरचा, कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचा पासवर्ड कोणाला माहीत आहे? विंडोजमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कोण शिरू शकतं? बॅकअपचं क्लाउड खातं कोणाच्या फोन नंबरवर आहे?

यातल्या निम्म्या प्रश्नांना ‘ते आमच्या इंजिनिअरला माहीत’ हे उत्तर येत असेल, तर तुम्ही दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिताय. इंजिनिअर वाईट असायची गरज नाही. तो आजारी पडतो, दुबईला नोकरीला जातो, नंबर बदलतो. डोमेनच्या नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहते आणि एके सकाळी तुमच्या कंपनीच्या पत्त्यावर पाठवलेले सगळे मेल परत जायला लागतात. ग्राहकाला वाटतं, कंपनी बंद पडली.

उपाय साधा आहे. प्रत्येक खातं व्यवसायाच्या ईमेलवर आणि व्यवसायाच्याच सिम कार्डवर काढायचं. ते सिम मालकाकडे किंवा घरच्या माणसाकडे. इंजिनिअरला त्यात दुसरा अ‍ॅडमिन म्हणून घ्यायचं, त्याच्या स्वतःच्या नावाने, म्हणजे तो गेला की तेवढंच नाव काढता येतं. पासवर्ड एका वहीत लिहून तिजोरीत ठेवले तरी चालतील. छोट्या ऑफिससाठी ही पद्धत मुळीच जुनाट नाही.

माल गाडीतून पाठवताना लागणाऱ्या ई-वे बिलाचं वेगळं सांगतो. १ एप्रिल २०२५ पासून ई-वे बिलाच्या पोर्टलवर सगळ्यांनाच पासवर्डच्या जोडीला ओटीपी लागतो. तो येतो नोंदवलेल्या मोबाइलवर. मागच्या अकाउंटंटचा किंवा इंजिनिअरचा नंबर अजून तिथे असेल, तर टेम्पो गेटवर उभा आणि तुम्ही ओटीपीसाठी कोणालातरी फोन लावताय, अशी वेळ येते. राज्याबाहेर जाणारा ५० हजारांच्या वरचा आणि महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वरचा माल ई-वे बिलाशिवाय बाहेर काढता येत नाही, मग टेम्पोवाला भाडं वाढवून मागतो. हा नंबर उद्या नाही, आज तपासा.

‘बॅकअप होतो ना?’ ‘होतो.’

इथेच थांबू नका. बॅकअप होतो का, हा प्रश्नच अपुरा आहे. त्यातून डेटा परत उघडतो का, हे विचारायला हवं. दर तीन महिन्यांनी इंजिनिअरला समोर बसवा. बॅकअपची प्रत दुसऱ्या मशीनवर उतरवायला सांगा आणि गेल्या वर्षीचं कुठलंही एक बिल तुम्ही स्वतः शोधून पाहा. सापडलं तर बॅकअप आहे. नाही सापडलं तर नाही, मग रोज रात्री तो हिरवा टिकमार्क दिसत का असेना.

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक ऑफिसच्या बाहेर, हा नियम आमच्या धंद्यात जुना आहे. पण एक चूक तो पाळणाऱ्यांकडूनही होते. बाहेरची हार्ड डिस्क यूएसबीला कायम जोडलेली राहते. रॅन्समवेअर, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलं की आधी मशीनमधल्या फायली कुलूपबंद होतात आणि पाठोपाठ त्या डिस्कवरच्याही. डिस्क जोडायची, प्रत घ्यायची, काढायची. दोन डिस्क घेऊन आलटून पालटून एक घरी नेलीत तर आणखी उत्तम. यासाठी कोणाला वेगळा पगार द्यावा लागत नाही.

मागचं दार

साहेबांना घरून टॅली बघायची असते. इंजिनिअर राऊटरमध्ये रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून मशीन चालवायच्या सोयीचा, ३३८९ नंबरचा पोर्ट उघडून देतो, पाच मिनिटांत काम होतं, साहेब खूश. त्या क्षणापासून जगातलं कोणीही त्या दारावर एकामागून एक पासवर्ड टाकून पाहू शकतं, आणि पाहतंच. त्यासाठी रात्रंदिवस चालणारे प्रोग्रॅम आहेत. छोट्या ऑफिसांतल्या टॅलीच्या फायली कुलूपबंद झालेल्या मी जितक्या वेळा पाहिल्या, त्यात हे उघडं दार सगळ्यात जास्त वेळा सापडलं. घरून काम हवंच असेल तर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसपर्यंतचा बंदिस्त खासगी रस्ता, घालून घ्या आणि ओटीपीची जोड द्या.

दुसरं मागचं दार आमचं स्वतःचं असतं. दुरून मशीन चालवायचं एनीडेस्कसारखं सॉफ्टवेअर टाकून कायमचा पासवर्ड ठेवायचा, आणि सोयीसाठी सगळ्या ग्राहकांकडे तोच ठेवायचा, ही सवय आमच्या लोकांत फार आहे. एका ठिकाणी तो फुटला की सगळीकडे फुटला.

हे मोठ्यांच्याही बाबतीत घडलंय. २ जुलै २०२१ रोजी कसेया या अमेरिकी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून रॅन्समवेअर पसरलं. दुसऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या कंपन्याच ते सॉफ्टवेअर वापरत होत्या. स्वीडनमधल्या कूप या किराणा साखळीची सुमारे ८०० दुकानं बंद ठेवावी लागली, कारण बिलिंगची यंत्रं चालेनात. कूप कसेयाची थेट ग्राहकसुद्धा नव्हती, तिच्या पुरवठादाराकडे ते सॉफ्टवेअर होतं. आपल्याकडे जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीवर असाच हल्ला झाला. तिच्यावर अवलंबून असलेल्या जवळजवळ ३०० छोट्या सहकारी आणि ग्रामीण बँकांचे यूपीआयसारखे व्यवहार थांबले, कारण यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून त्या कंपनीची जोडणी तोडली. यात बँकांच्या ग्राहकांचा दोष काहीच नव्हता.

म्हणून ज्याला काम देताय त्याला हे नक्की विचारा: आमच्या मशीनमध्ये तुम्ही कसे शिरता, तुमच्याकडचे किती जण शिरू शकतात, आणि तुमच्याकडून एखादा सोडून गेला की काय बदलता? उत्तर द्यायला जो अडखळतो, त्याचा दर कितीही कमी असला तरी थांबा.

एएमसीच्या कागदावर काय लिहिलंय

एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. बहुतेकांचा करार म्हणजे एक पान कोटेशन आणि त्याखाली सही. त्यात ‘चार तासांत सेवा’ लिहिलेलं असतं. चार तासांत माणूस येणार की चार तासांत काम सुरू होणार? आमच्याकडचे बरेच जण ‘कॉल घेतला’ यालाच सेवा म्हणतात. दोन मुदती वेगवेगळ्या लिहून घ्या: उत्तर किती वेळात, आणि मशीन चालू किंवा पर्यायी मशीन किती वेळात. सुटे भाग एएमसीत धरलेत की त्याचे पैसे वेगळे, हेही लिहून घ्या. अर्धी भांडणं याच एका ओळीवरून होतात.

तुमच्या धंद्याचं कॅलेंडर त्यात यायला हवं. ११ आणि २० तारखेला जीएसटीची धावपळ, ७ तारखेला टीडीएस, महिनाअखेरीला डिस्पॅच. या दिवशी फोन उचलणारा दुसरा माणूस कोण, त्याचं नाव आणि नंबर कागदावर हवा. भोसरीच्या त्या कारखान्याच्या करारात ही एक ओळ असती, तर तो दिवस तसा गेलाच नसता.

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अजून ती मशीन चालवत असाल तर इंजिनिअरकडून लेखी यादी मागा: कुठलं मशीन बदलायचं, कुठल्यावर विंडोज ११ चालेल. आणि क्रॅक केलेलं विंडोज किंवा टॅली टाकून देणाऱ्याला दारात उभं करू नका. त्या क्रॅकमधून काय आत आलंय, हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं.

फोन लावण्याआधी

आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, त्याच दिवशी वीज बंद ठेवून देखभालीची कामं होतात. शुक्रवारी सकाळी माझा फोन हमखास वाजतो: प्रिंटर ऑफलाइन, दुसऱ्या टेबलावर टॅली उघडत नाही. कारण बहुतेक वेळा एकच असतं. राऊटर बंद होऊन सुरू झाला, त्याने मशीनना आणि प्रिंटरला नवे आयपी पत्ते वाटले, आणि बाकीची मशीन जुन्या पत्त्यावर शोधत बसली. राऊटर आधी सुरू करा, दोन मिनिटं थांबा, मग सर्व्हर, मग प्रिंटर, शेवटी बाकीची मशीन. एवढ्याने भागलं तरी विषय तिथे सोडू नका. सर्व्हर आणि प्रिंटर यांचे पत्ते कायमचे बांधून द्यायला इंजिनिअरला सांगा. दर शुक्रवारी तोच कॉल घेणारा माणूस तुमचं काम करत नाहीये, तुम्हाला सवय लावतोय.

प्रिंट रांगेत अडकून पडली असेल तर कॉम्प्युटरवर प्रिंट स्पूलर ही सर्व्हिस रीस्टार्ट केली की बऱ्याचदा सुटते. मशीन रडत चालत असेल तर दोन अँटीव्हायरस एकत्र बसलेत का आणि आत अजून जुनी फिरती हार्ड डिस्क आहे का, हे बघा. ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, टाकली की जुनं मशीनही ओळखू येत नाही.

आणि फोन लावताना ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. स्क्रीनचा फोटो पाठवा. एकाच मशीनवर होतंय की सगळ्या, कधीपासून, त्याआधी काय बदललं, हे सांगा. माझा अर्धा वेळ हे विचारण्यातच जातो.

फायलींची नावं अचानक बदललेली दिसली, किंवा पैसे मागणारी चिठ्ठी स्क्रीनवर आली, तर मात्र क्रम वेगळा. आधी नेटवर्कची केबल काढा, वाय-फाय बंद करा. मशीन फॉरमॅट करू देऊ नका, इंजिनिअर कितीही घाई करत असला तरी. फॉरमॅट मारलं की काय झालं, कुठून आलं, याचा पुरावा जातो, आणि कधी काळी कुलूप उघडायचा उपाय निघालाच तर उघडायला फायलीच उरत नाहीत. खात्यातून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा हल्ला लक्षात आल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवणं बंधनकारक आहे. कामगारांचे आधार, ग्राहकांचे नंबर त्या मशीनमध्ये असतील तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही लक्षात ठेवा. माहिती हाताळायचं काम दुसऱ्याला दिलं तरी त्या कायद्याखाली जबाबदारी मूळ व्यवसायाचीच राहते. ‘ते सगळं आमचा आयटीवाला बघतो’ हे उत्तर तिथे चालत नाही.

इंजिनिअर बदलताना

भांडून बदलू नका, आणि जुन्याचे पैसे अडवून तर मुळीच नाही. शेवटचा हप्ता आणि हस्तांतर एकाच दिवशी ठेवा. त्या दिवशी नव्या माणसाला शेजारी बसवून वरच्या यादीतलं एकेक खातं उघडून बघा, जुनं नाव काढा, पासवर्ड बदला, एनीडेस्क काढून नव्याने टाका. बॅकअप एकदा उतरवून पाहा. राऊटर शेवटी, कारण घाईत तोच विसरतो.

भोसरीच्या त्या मालकांनी इंजिनिअर बदलला नाही. मुलगा कामाला चांगला होता. त्यांनी फक्त बॅकअपचं खातं कंपनीच्या ईमेलवर हलवून घेतलं, ऑफिसचं वेगळं सिम काढलं आणि करारात माझा नंबर दुसरा म्हणून लिहिला. गेल्या दीड वर्षात मला तिथून एकदाच फोन आला, बॅकअप उतरवून बघायच्या दिवशी. बिल सापडलं, हे सांगायला.